खेळाडू कुणाचा?

(माधवनगर येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

२०१८ च्या डिसेंबर महिन्याच्या सुरुवातीला भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे दोन पत्रं गेली. एक टी-ट्वेंटी संघाची कर्णधार हरमनप्रीत कौर हिचं, दुसरं उपकर्णधार स्मृती मानधनाचं. रमेश पोवार यांनाच प्रशिक्षकपदी ठेवावं, अशी दोघींची मागणी होती. स्मृती तेव्हा बावीस वर्षांची होती. दोन वर्षांची असताना ती आईवडिलांबरोबर याच माधवनगरात आली, इथे शाळेत गेली आणि नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात निवडली गेली. समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी तिला खांद्यावर किट घेऊन सांगलीकडे जाताना पाहिलं असेल.

त्या पत्रांमागे एक चिघळलेलं प्रकरण होतं. नोव्हेंबरमध्ये वेस्ट इंडिजला झालेल्या टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत उपांत्य फेरीत पोहोचला. इंग्लंडविरुद्धच्या त्या सामन्यात मिताली राजला बाहेर बसवलं. पाकिस्तान आणि आयर्लंड यांच्याविरुद्ध तिने अर्धशतकं काढली होती, एकदिवसीय संघाची ती कर्णधार होती. इंग्लंडने आठ गडी राखून सामना जिंकला. मग मितालीने मंडळाला पत्र लिहून पोवारांनी आपल्याला अपमानास्पद वागणूक दिल्याचं कळवलं, पोवारांनी आपल्या अहवालात मितालीच्या वागण्यावर बोट ठेवलं आणि दोन्ही कागद वर्तमानपत्रांत छापून आले. नोव्हेंबरअखेर पोवारांची मुदत संपली. त्यानंतर चारच दिवसांत स्मृतीने आपली बाजू लेखी कळवली.

तिने ते करायला हवं होतं का? ज्येष्ठ सहकाऱ्याचा मान दुखावला गेलेला असताना एका तरुण खेळाडूने प्रशिक्षकामागे उभं राहावं का? की संघात कोण येतं, कोण जातं, याकडे न पाहता फक्त धावा काढाव्यात? व्यावसायिक खेळात हा पेच रोज पडतो. फुटबॉलमध्ये तो क्लब विरुद्ध मॅनेजर असा दिसतो, कबड्डीत फ्रँचायझी विरुद्ध कोच असा, राष्ट्रीय संघात मंडळ विरुद्ध प्रशिक्षक असा. खेळाडू कुणाचा, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न.

कृष्णाकाठाला या प्रश्नाचं एक जुनं उत्तर माहीत आहे. जत्रेच्या मैदानाचं पोस्टर कुणीही वाचावं. पैलवानाचं नाव, गाव, तालीम आणि खाली ‘अमुक वस्तादांचा पठ्ठा’. हलगी कडाडत असताना निवेदकही याच क्रमाने पुकारतो. इथे क्लब आणि कोच वेगळे काढताच येत नाहीत. तालीम म्हणजे तिथली माती आणि वस्ताद. पहाटेच्या जोर-बैठका, पाळीपाळीने केलेला स्वयंपाक, घरून आलेलं तूप, बदामाची थंडाई, संध्याकाळची लढत, हे सगळं वस्तादाच्या नजरेखाली. तालीम बदलणाऱ्या पैलवानाची चर्चा गावच्या पारावर महिनोन् महिने चालते.

या व्यवस्थेने या मुलखाला काय दिलं, त्याची यादी मोठी आहे. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य आणलं, १९६४ साली हिंदकेसरीची गदा जिंकली. त्याच वर्षी दोघेही टोकियो ऑलिंपिकला गेले. पुढे आंदळकर स्वतः कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद झाले आणि पिढ्या घडवत राहिले. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांना अखेरचा निरोप द्यायला आलेल्यांत त्यांच्या कुस्त्या पाहिलेले जसे होते, तसे त्यांच्या हाताखाली माती अंगाला लावलेलेही होते.

वस्तादावरची निष्ठा म्हणजे आंधळी निष्ठा, असं बाहेरच्यांना वाटतं. इतिहास तसं सांगत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव वडिलांकडून पहिले डाव शिकले, मग कोल्हापुरात वस्तादांकडे तयार झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी मॅटवरच्या कुस्तीचे धडे त्यांना रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने दिले. तिथे ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गार्डनरकडे शिकल्याने खाशाबा मातीशी बेइमान झाले, असं साताऱ्यात कुणाच्या मनातही आलं नाही. शिकवणारे अनेक असू शकतात, हे तालमीला ठाऊक होतं.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं. ७ जानेवारी २०२० रोजी पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवार यांचे पठ्ठे, एकाच आखाड्यात रोज एकमेकांशी झुंजलेले, एकमेकांचे डाव तोंडपाठ असलेले. सदगीरने ३-२ असा विजय मिळवला आणि लगेच शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. २०२३ च्या अंतिम लढतीतले शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड हेही असेच एका तालमीतले. कुणीही जिंकलं तरी गदा वस्तादाच्याच दारी येणार होती. खेळाडूला आपली निष्ठा तोलून पाहण्याची वेळच तिथे आली नाही.

यात एक महत्त्वाची गोष्ट सहज नजरेतून सुटते. वस्ताद जोड ठरवतो, खुराक ठरवतो, रागावतो, प्रसंगी घरी पाठवतो. पण लढत सुरू झाली की कुणाची पाठ लागणार, ते त्याच्या हातात नसतं. सांघिक खेळात प्रशिक्षकाच्या हाती त्याहून मोठी सत्ता असते. अकरा जणांत कोण, बाराव्या क्रमांकावर पाण्याच्या बाटल्या घेऊन कोण, हे तो कर्णधाराबरोबर बसून ठरवतो. मग खेळाडूच्या निष्ठेत कृतज्ञता किती आणि जागा जाण्याची धास्ती किती, हे बाहेरून सांगता येत नाही. कित्येकदा खुद्द खेळाडूलाही सांगता येत नाही. तालमीतली निष्ठा जशीच्या तशी ड्रेसिंग रूममध्ये नेली की इथे गोंधळ सुरू होतो.

सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंच्या काळात निष्ठेला आणखी एक धनी होता: संस्थानिक. जतच्या संस्थानाने ऑस्ट्रेलियाचा महान फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याला शिकवायला बोलावलं. हजारेंनी फलंदाजीकडे जास्त लक्ष द्यावं, असं त्याचं म्हणणं पडलं. खेळले मात्र हजारे मुख्यतः बडोद्यासाठी. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली, त्यात हजारेंच्या २८८. जन्म सांगलीचा, शिक्षक जतच्या पगारावरचा परदेशी, कर्तृत्व बडोद्याच्या नावावर. तरीही सांगलीकरांनी त्यांना परकं मानलं नाही.

मुंबईच्या मैदानांवर दोन वेगळ्या रीती शेजारी शेजारी नांदल्या. दादर युनियन ही क्लबाची रीत होती. वासू परांजपे असोत की सुनील गावसकर, क्लबाची टोपी मोठी, माणूस नंतर. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे रीत उलटी होती. मुलगा आधी सरांचा, मग शाळेचा. सचिन तेंडुलकरने वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात नाव घातलं ते सरांच्या सांगण्यावरून. १९८८ साली सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी रचली तेव्हा पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला अमोल मुझुमदार हाही त्याच शाळेचा, त्याच सरांचा. त्याचं नाव पुन्हा येणार आहे.

या सगळ्या जगात खेळाडूला थोडीफार निवड होती. व्यावसायिक लीगने ती काढून घेतली.

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. पहिलंच नाव पुकारलं गेलं ते स्मृती मानधनाचं. मुंबई आणि बंगळुरू यांच्यात चढाओढ झाली आणि ३ कोटी ४० लाखांवर बंगळुरूने बोली जिंकली. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी रक्कम ठरली. माधवनगरची मुलगी कर्नाटकच्या संघाची कर्णधार झाली. तिने बंगळुरू निवडलं नव्हतं, तिथला प्रशिक्षकही निवडला नव्हता. त्या पहिल्या हंगामात बेन सॉयर प्रशिक्षक होता आणि संघ सुरुवातीचे पाच सामने ओळीने हरला.

दुसऱ्या हंगामात ल्यूक विल्यम्स आला. ऑस्ट्रेलियाच्या महिला बिग बॅशमध्ये ॲडलेड स्ट्रायकर्सला लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळवून देणारा हा माणूस. इंग्लंडच्या ‘हंड्रेड’ स्पर्धेत सदर्न ब्रेव्ह संघातही स्मृतीने त्याच्याबरोबर काम केलेलं होतं. १७ मार्च २०२४ रोजी दिल्लीत बंगळुरूने करंडक जिंकला. त्याच वर्षी स्मृती बिग बॅशला गेली. याआधी ती ब्रिस्बेन, होबार्ट, सिडनी अशी निरनिराळ्या संघांकडून खेळली होती. या वेळी तिने ॲडलेड निवडलं. तिथे प्रशिक्षक होता ल्यूक विल्यम्स.

जिथे निवड हातात होती, तिथे तिने माणूस निवडला. पण गोष्ट इथे थांबली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात बंगळुरूने तिला साडेतीन कोटींना कायम ठेवलं आणि त्याच सुमारास प्रशिक्षकपद विल्यम्सकडून मलोलन रंगराजन यांच्याकडे गेलं. ती क्लबातच राहिली, पूर्वीच्याच जबाबदारीने. या दोन निर्णयांत विसंगती शोधण्याचं कारण नाही. करार असेल तोवर क्लबाला शंभर टक्के खेळ द्यायचा. करार नसेल तिथे ज्याच्याकडून शिकायला मिळतं त्याच्याकडे जायचं. व्यावसायिक खेळाडूसाठी याहून स्वच्छ मार्ग सांगता येणार नाही.

जगभर खेळाडूंनी यातल्या दोन्ही टोकांना घर केलं आहे. पोर्तुगालचा बचावपटू रिकार्डो कार्व्हालो २००४ मध्ये प्रशिक्षक जोझे मोरिन्योपाठोपाठ पोर्तोहून चेल्सीत गेला आणि २०१० मध्ये त्याच्याच पाठोपाठ रियल माद्रिदला. उलट फ्रान्सेस्को टोट्टी १९९३ ते २०१७ रोमा सोडून कुठेच गेला नाही. प्रशिक्षक लुचानो स्पालेत्तीशी त्याचं इतकं बिनसलं की २०१६ मध्ये एका मुलाखतीनंतर त्याला सराव शिबिरातून घरी पाठवण्यात आलं, तरी क्लब सुटला नाही. आपल्याकडे विराट कोहलीने २००८ पासून एकच संघ धरला आणि त्या काळात तिथे अर्धा डझन प्रशिक्षक आले-गेले.

महेंद्रसिंग धोनी आणि स्टीफन फ्लेमिंग यांचं उदाहरण तर पुण्यातच घडलं. चेन्नईच्या संघावर दोन वर्षांची बंदी आली तेव्हा २०१६ साली दोघेही गहुंज्याच्या मैदानावर रायझिंग पुणेच्या जर्सीत दिसले, एक कर्णधार, एक प्रशिक्षक. दुसऱ्या वर्षी धोनीचं कर्णधारपद स्टीव्ह स्मिथकडे गेलं, फ्लेमिंग प्रशिक्षक राहिला, धोनी त्याच्या हाताखाली निमूटपणे यष्टिरक्षण करत राहिला आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. २०१८ मध्ये दोघे चेन्नईला परतले. कर्णधारपद गेल्यावर प्रशिक्षकावर रुसून बसण्याची पूर्ण मुभा त्या माणसाला होती. तो रुसला नाही. या देशातल्या प्रत्येक तरुण खेळाडूने पुण्याचा तो हंगाम अभ्यासावा.

कबड्डीत तर प्रशिक्षकच जास्त फिरतात. बी. सी. रमेश यांनी २०१९ मध्ये बंगालला प्रो कबड्डीचं विजेतेपद मिळवून दिलं, मग पुणेरी पलटणला, २०२४ च्या मार्चमध्ये. पुढे ते बंगळुरूला गेले. पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार पुण्यातच राहिला आणि नव्या प्रशिक्षकाबरोबर पुढच्याच हंगामात अंतिम सामना खेळला. कासेगावच्या काशिलिंग आडकेला याच सांगली जिल्ह्यातून दिल्लीला नेलं ते लिलावाने. लिलाव आला की खेळाडू गुरूचा शिष्य उरत नाही, यादीतलं एक नाव होतो. लिलाव वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. लिलावामुळेच सांगलीच्या खेळाडूला पहिल्यांदा त्याच्या घामाचं मोल मिळालं. पण पूर्वी वस्तादाच्या हातात एकत्र असलेल्या गोष्टी, शिकवणं, सांभाळणं, निवडणं, त्याने चार टेबलांवर वाटून टाकल्या.

आता पुन्हा २०१८ कडे. स्मृतीने पत्र लिहिलं, तो तिचा हक्क होता आणि त्यात लपवाछपवी नव्हती. ज्याच्या हाताखाली खेळ सुधारला असं तिला वाटलं, त्याच्या बाजूने तिने सहीनिशी मत दिलं. मितालीने तक्रार केली, तोही तितकाच खरा हक्क होता. दोष मंडळाच्या व्यवस्थेचा होता. खेळाडूची तक्रार आणि प्रशिक्षकाचा अहवाल हे गोपनीय कागद बाहेर जाऊ दिले गेले आणि संघातल्या मुलींना चारचौघांत बाजू घ्यायला लागली. चांगली संस्था खेळाडूवर ही पाळी येऊ देत नाही.

पुढे काय झालं, ते आठवणीत ठेवण्याजोगं आहे. पोवार परत आले नाहीत. डब्ल्यू. व्ही. रामन प्रशिक्षक झाले आणि ८ मार्च २०२० रोजी मेलबर्नला ८६,१७४ प्रेक्षकांसमोर भारत टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. हरमनप्रीत आणि स्मृती दोघी त्यात होत्या. आपला प्रशिक्षक नाकारला म्हणून त्यांनी खेळात हात आखडला नाही. मे २०२१ मध्ये पोवार पुन्हा आले. त्या वेळी एकदिवसीय संघाची कर्णधार होती मिताली राज. ज्या दोघांचे कागद देशभर वाचले गेले होते, त्या दोघांनी एकत्र बसून २०२२ च्या विश्वचषकाची तयारी केली. या गोष्टीचं कौतुक मराठी क्रीडापानांनी पुरेसं केलं नाही. दोन मोठी माणसं कामासाठी जुना कडवटपणा गिळतात, तेव्हा मथळा त्यांचा व्हायला हवा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रशिक्षक झाला तो शारदाश्रमचा अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांवर धावा, मुंबईनंतर आसाम, आंध्र असा प्रवास, आणि भारताची टोपी एकदाही नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून भारताने विश्वचषक जिंकला. स्मृतीच्या स्पर्धेतल्या धावा ४३४. सामना संपल्यावर हरमनप्रीतने मैदानात वाकून मुझुमदारांच्या पायाला हात लावला. व्यावसायिक खेळात करार, मानधन, माध्यमं सगळं असूनही हा नमस्कार होऊ शकतो. मुझुमदारांनी तो निवडीच्या अधिकाराने मिळवला नव्हता. आदल्या काही आठवड्यांत संघ ओळीने तीन सामने हरला होता, तेव्हा त्यांनी मुलींना उघड्यावर सोडलं नाही, त्याचा तो मान होता.

आणि या सगळ्या साखळीत पहिली कडी कुठे आहे? स्मृतीला लहानपणी सांगलीत शिकवलं ते अनंत तांबवेकर यांनी. वडील श्रीनिवास आणि भाऊ श्रवण दोघेही जिल्ह्यासाठी खेळलेले. सतराव्या वर्षी, २०१३ मध्ये, तिने बडोद्यात गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला. तोवर तिच्यावर ना बंगळुरूचा एक रुपया खर्च झाला होता, ना ॲडलेडचा. क्लब की प्रशिक्षक, या वादात हिरिरीने बोलणारे सगळे लोक बावीस-पंचवीस वर्षांच्या तयार खेळाडूबद्दल बोलतात. बारा वर्षांच्या मुलीला रोज चेंडू टाकणारा माणूस त्या हिशोबात कुठेच नसतो.

फुटबॉलने याची सोय केली आहे. २००१ पासून फिफाचा नियम आहे: करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला तर बदलीच्या रकमेतले ५ टक्के, वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांत त्याला घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे. बारा ते पंधरा या वर्षांसाठी दरवर्षी पाव टक्का, पुढे दरवर्षी अर्धा टक्का. त्यासाठी प्रत्येक खेळाडूची नोंदवही असते, कोणत्या वर्षी तो कोणत्या क्लबात शिकला ते सांगणारी. ब्राझीलमधल्या एखाद्या गल्लीतल्या क्लबाला वीस वर्षांनी युरोपातून पैसे येतात ते या नोंदीमुळे.

हा हिशोब नुसता अंदाजाने माधवनगरला लावून पाहावा. ३ कोटी ४० लाखांचा एक टक्का म्हणजे ३ लाख ४० हजार. बारा ते पंधरा वयाच्या चार वर्षांचा तेवढाच वाटा होतो. लिलावाची रक्कम हे खेळाडूचं मानधन आहे, क्लबांनी एकमेकांना दिलेली किंमत नाही, त्यामुळे तो वाटा तिच्या खिशातून जाता कामा नये. तो फ्रँचायझीने वर घालावा. महिला लीगचे पाच संघ विकत घ्यायला धनिकांनी ४,६६९ कोटी ९९ लाख रुपये मोजले. त्यांना तीन-चार लाख जड जाणार नाहीत. सांगलीसारख्या जिल्ह्यात मात्र एवढ्या पैशात मुलींसाठी मॅटिंगची खेळपट्टी, जाळी आणि एका पूर्णवेळ प्रशिक्षकाचा वर्षभराचा पगार निघतो.

मंडळ हा नियम करेल की नाही, ते मुंबईच्या कार्यालयात ठरेल. नोंदवहीसाठी मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही. जिल्हा संघटना, शाळा आणि तालमी यांनी मिळून आजपासून ती ठेवता येईल: मुलीचं नाव, जन्मवर्ष, कोणत्या वर्षी कुणाकडे शिकली. आज बारा वर्षांची असलेली मुलगी सहा-सात वर्षांनी लिलावाच्या यादीत असेल. तेव्हा तिच्या नावापुढे बोलीची रक्कम लिहिणाऱ्यांना तिच्या पहिल्या प्रशिक्षकाचं नाव विचारता आलं, तर ते सांगायला कुणाकडे तरी ही वही असायला हवी. या गावापासून ती सुरू करता येईल.